किमान वजन

माझं आणि भाजीवाल्यांचं कधीच पटलं नाही. यात भाजीवाल्यांचा दोष नाही, माझ्या नोकरीचा आहे. छत्तीस वर्षं मी वजनमापं तपासण्याचं काम केलं. मी मंडईत पाऊल टाकलं की पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत निरोप पोचायचा. कसा पोचायचा ते मला अजून कळलेलं नाही. तागडीच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा, बुडातलं शिसं काढून घेतलेलं वजन, बूड चेपलेलं दुधाचं माप, सगळं क्षणात पोत्याखाली जायचं आणि जो तो चेहऱ्यावर काशीयात्रा करून आल्याचा भाव आणून बसायचा. त्यामुळे भाजीला जाताना ही मला कधी बरोबर नेत नसे. हिचं म्हणणं, "तुम्ही बरोबर असलात की वजन चोख मिळतं, पण वरची कोथिंबीर मिळत नाही."

सांगायची गोष्ट अशी, की वजन या विषयात मला कुणी काही शिकवावं असं काही शिल्लक राहिलंय, असं मला वाटत नव्हतं. ते शिकवलं आमच्या धाकटीने, आणि तेही दिवाळीच्या करंज्या तळता तळता.

पण त्याआधी थोडं मागे जायला हवं. धाकटी एम. एस्सी. झाली तेव्हा मी बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून, भरून, फक्त सहीपुरता तिच्यापुढे ठेवला. तिने तो बाजूला सारला आणि म्हणाली, "बाबा, मला ग्रहांचं वजन करायचंय."

आमच्या घरात ग्रहांचं वजन ही काही नवी गोष्ट नव्हती. माझ्या आईच्या मते माझ्या पत्रिकेत शनी जड होता. हिच्या माहेरी मंगळ कडक होता. आणि एका मेव्हण्याचे तर नऊच्या नऊ ग्रह इतके जड होते, की बिचारा तीनदा मॅट्रिकला बसला. आई तेव्हा होती. ती जपमाळ थांबवून म्हणाली, "लग्नाच्या वयात ग्रहांचं वजन बघायचं ते मुलाच्या पत्रिकेत."

"आजी, हे ते ग्रह नव्हेत," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे. त्यातलेही लहान, पृथ्वीएवढाले."

"ते दिसतात का?" मी विचारलं.

"नाही."

"मग वजन कसं करणार?"

"तेच शिकायला जायचंय."

न दिसणाऱ्या मालाचं वजन करून देणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यांच्यावर आम्ही खटले भरत असू. पण पोटच्या पोरीवर खटला कसा भरणार? ती स्कॉलरशिप मिळवून युरोपात गेली. कॉलनीत कुणी विचारलं, "धाकटी काय करते हो?" की मी सांगायचा, "कंप्युटरमध्ये आहे." यावर कुणीही पुढचा प्रश्न विचारत नाही. कंप्युटरमध्ये म्हणजे नेमकी कुठे, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पंधरा वर्षं मी हेच सांगत आलो.

तर ती यंदा दिवाळीला घरी आली. ही करंज्या लाटत होती, धाकटी भरत होती आणि मी, निवृत्त माणसाने स्वयंपाकघरात जेवढं अडचणीत बसावं तेवढं अडचणीत, स्टुलावर बसलो होतो. मला एकदम वाटलं, पंधरा वर्षांत आपण हिला एकदाही विचारलं नाही. मी म्हटलं, "काय गं, ते ग्रहांचं वजन करतेस म्हणजे नेमकं काय करतेस? तागडी कुठली?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी विचारायला पंधरा वर्षं उशीर केला हे ती बोलली नाही तरी मला ऐकू आलं. मग म्हणाली, "बाबा, लहानपणी तुम्ही माझे दोन्ही हात धरून मला गच्चीवर गरगर फिरवायचात. आठवतं?"

"आठवतं की. तुला फिरवून मलाच घेरी यायची."

"तेव्हा तुम्ही अगदी सरळ उभे राहायचात का?"

नव्हतो राहत. थोडं मागे रेलावं लागायचं. पोर मोठ्या वर्तुळात फिरायची आणि मीही जागच्या जागी, छोट्या वर्तुळात.

"बस्स," ती म्हणाली. "आता समजा काळोख आहे. तुमच्या अंगात पांढरा सदरा आहे म्हणून लांबून तुम्ही तेवढे दिसताय, मी दिसत नाही. तरी तुमच्या झोकांड्यांवरून सांगता येईल, की यांच्या हातात पोर आहे, आणि ती केवढी जड आहे. तारा म्हणजे तुम्ही. ग्रह म्हणजे मी."

इतक्या वर्षांत मला कुणी तारा म्हटलं नव्हतं. मी स्टूल थोडं पुढे ओढलं.

आता तारा झोकांड्या खातोय हे कळायचं कसं? फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवत येणारी गाडी आपण ऐकलेली असते. येताना शिट्टी बारीक, पुढे निघून जाताना भरड. उजेडाचंही तसंच. ताऱ्याच्या उजेडाचा इंद्रधनुष्यासारखा पट्टा पाडला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे सरकला की त्या रेघा निळ्या बाजूला हलतात, दूर गेला की तांबड्या बाजूला. रेघा किती हलल्या त्यावरून ताऱ्याचा वेग. वेगावरून ग्रहाचं वजन.

"हलतात तरी किती?" मी विचारलं.

इथे आकडे आले, आणि आकडे आले की माझ्यातला निरीक्षक जागा होतो. आपला गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर या वेगाने हलवतो. म्हणजे आपली एस. टी. बऱ्या रस्त्यावर जाते तेवढ्याने. गुरू म्हणजे पृथ्वीच्या ३१८ पट. पृथ्वी त्याच्या पासंगालाही पुरायची नाही. तिच्या ओढीने सूर्य हलतो तो सेकंदाला ९ सेंटिमीटर. कासवाची चाल ती.

मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या दोघा स्विस शास्त्रज्ञांनी १९९५ साली फ्रान्समधल्या वेधशाळेतून पन्नासेक प्रकाशवर्षांवरचा एक तारा असा हलताना पकडला. त्याचा ग्रह गुरूच्या निम्म्या वजनाचा, आणि त्याचं वर्ष चार दिवसांचं. चार दिवसांचं वर्ष हे ऐकून हिने लाटणं थांबवलं. "म्हणजे दर चार दिवसांनी दिवाळी? कोण करणार तेवढ्या करंज्या?" या कामाला २०१९ साली नोबेल मिळालं. पण तो मोठा, दांडगा ग्रह. पोत्याचं वजन करणं सोपं असतं. खरी परीक्षा केशराच्या पुडीची. २००३ पासून चिली देशातल्या ला सिया इथल्या दुर्बिणीवर 'हार्प्स' नावाचं यंत्र आहे. ते सेकंदाला एक मीटर इतका हलका वेग ओळखतं.

"एक मीटर म्हणजे बघा," धाकटी म्हणाली, "बागेत फेरफटका मारणाऱ्या पेन्शनरची चाल."

एवढ्या वेगाने उजेडाच्या रेघा हलतात त्या तीस कोटींत एक हिस्सा. तीस कोटी रुपयांत एक रुपया इकडचा तिकडे. असा हिशेब ठेवायचा म्हणजे यंत्राला शिंकही येता कामा नये. म्हणून ते निर्वात पेटीत बंद असतं, आणि आतलं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाएवढंही ढळू देत नाहीत. हे ऐकून माझा ऊर भरून आला. आमच्या ऑफिसातही प्रमाण वजनं मखमलीच्या पेटीत कुलपात असायची. त्यांना उघड्या हाताने शिवायला बंदी होती. बोटाच्या घामानेसुद्धा वजन वाढतं, हे मी बायकोला तीस वर्षं सांगतोय. आज पहिल्यांदा घरात कुणीतरी ते गंभीरपणे ऐकलं.

"पण बाबा, तारा स्वतःही गप्प बसत नाही. त्याच्यावर डाग असतात, तो वरून उकळत असतो. त्याची स्वतःची चुळबुळ कुठली आणि ग्रहाची ओढ कुठली, हे वेगळं काढावं लागतं." २०१२ साली अशीच गंमत झाली. आपल्या अगदी शेजारच्या मित्र ताऱ्यांच्या जोडीतल्या एकाभोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. वेग निघाला होता सेकंदाला अर्धा मीटर. जगभर पेढे वाटायची वेळ आली. पुढे २०१५ साली दुसऱ्यांनी तीच निरीक्षणं नव्याने तपासली, तेव्हा लक्षात आलं की तिथे ग्रह नाहीच. निरीक्षणांच्या मधल्या रिकाम्या जागांनी तसा भास निर्माण केला होता.

"मग? खटला भरला की नाही?" मी विचारलं.

"कुणावर? चूक शोधणारे त्यांचेच भाऊबंद. चूक दाखवली, सगळ्यांनी मान्य केली, ग्रह यादीतून गेला."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत 'साहेब, माझा काटा चुकतोय' असं आपण होऊन सांगणारा दुकानदार मला एकही भेटला नाही. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात तर ते वजनाच्या शेजारीच लिहायला लागतं. १.७, अधिक-उणे ०.४. म्हणजे आमचा काटा एवढा चुकू शकतो, हे आधीच कबूल." मी कल्पना करून पाहिली. वाण्याच्या दुकानात पाटी: 'साखर एक किलो, अधिक-उणे पाव किलो.' प्रामाणिक, पण धंदा बसणार.

"आणि आणखी एक," ती म्हणाली. "या पद्धतीने मिळतं ते फक्त किमान वजन."

मी कान टवकारले. तिचं म्हणणं असं, की मी गच्चीवर तिला फिरवत असताना समोरच्या गॅलरीतून बघणाऱ्याला माझं मागेपुढे झुकणं पुरेपूर दिसेल. पण डोक्यावरून उडणाऱ्या विमानातून बघणाऱ्याला मी त्याच्याकडे सरकताना किंवा त्याच्यापासून दूर जाताना दिसणारच नाही. ग्रहाची फेरी आपल्याकडून तिरपी असली, की ओढ असते त्यापेक्षा कमी मोजली जाते. तिरपेपणा किती, ते कळत नाही. म्हणून वजन सांगताना सांगायचं, 'एवढं तरी आहेच. जास्त असेल, कमी नाही.' सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, सव्वाचार प्रकाशवर्षांवर. त्याचा ग्रह २०१६ साली सापडला. त्याचं वजन पृथ्वीपेक्षा थोडं जास्त, पण तेही किमान.

चुकली तर नेहमी गिऱ्हाइकाच्या फायद्याची चुकणारी तागडी! असा दुकानदार भेटता, तर मी त्याला भर मंडईत नारळ दिला असता. निरोपाचा नव्हे, मानाचा.

एवढ्यात हिने ताटातली एक करंजी उचलली, तळहातावर दोनदा झेलली आणि म्हणाली, "ह्यात सारण कमी पडलंय."

धाकटी टाळी वाजवून ओरडली, "आई, अगं, हेच! हेच करतो आम्ही!"

आकार डोळ्यांना दिसतो, वजन हाताला कळतं. दोन्ही मिळून आत काय आहे ते ओळखायचं. ग्रहाचं वजन ताऱ्याच्या झोकांड्यांवरून मिळतं. आकार मिळतो तो ग्रह ताऱ्याच्या तोंडावरून आडवा गेला म्हणजे. तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो. पृथ्वी सूर्यावरून जाताना लांबून कुणी पाहिलं, तर बारा हजारांत एक भाग उजेड कमी होईल.

"समजा बारा हजार पेन्शन आहे आणि एक रुपया कमी आला, तर कळेल का कुणाला?" तिने विचारलं.

"पेन्शनरला कळेल," मी म्हटलं.

अशा पेन्शनरी नजरेची केप्लर दुर्बीण २००९ साली आकाशात सोडली होती. आणि असा आडवा जाणारा ग्रह मिळाला की तिरपेपणाचा घोळही मिटतो. किमान वजनाचं खरं वजन होतं. मग घनता. पाण्याची १, लोखंडाची जवळजवळ ८, आपल्या पृथ्वीची साडेपाच. केप्लर-७८बी नावाचा ग्रह आहे. पृथ्वीपेक्षा थोडा मोठा, आणि त्याचं वर्ष साडेआठ तासांचं. म्हणजे आमच्या ऑफिसच्या एका दिवसात, डबा खाण्याच्या सुट्टीसकट, वर्ष संपलं. २०१३ साली दोन निराळ्या तुकड्यांनी त्याचं वजन केलं. एक दुर्बीण हवाईत, दुसरी कॅनरी बेटांवर. एकीला पृथ्वीच्या १.७ पट मिळालं, दुसरीला १.९ पट. अधिक-उणे धरलं तर दोन्ही काटे जुळले. घनता पृथ्वीसारखीच. म्हणजे आत लोखंड, वर दगड. फक्त तो ताऱ्याच्या इतका जवळ, की वरचा दगडही वितळलेला असणार.

"आणि सगळ्याच करंज्या अशा ओळखता येतात?" हिने विचारलं.

"नाही ना आई. तिथेच तर गाडं अडतं." अठ्ठेचाळीस प्रकाशवर्षांवर एक ग्रह आहे, जीजे १२१४बी. २००९ साली सापडला. वजन पृथ्वीच्या आठेक पट, रुंदी पावणेतीन पट. घनता पाण्याच्या दुप्पट. म्हणजे नुसता दगड असायला हलका. मग आत ओलं सारण आहे, म्हणजे पाणीच पाणी? की थोडाच दगड आणि वर हायड्रोजनचं फुगलेलं आवरण? वजन दोन्हींचं सारखंच भरतं.

"फोडून बघायची," ही म्हणाली. हिच्या स्वयंपाकघरात शंकेला जागा नसते.

"फोडता येत नाही म्हणून वेब दुर्बिणीने त्याची ऊब मोजून पाहिली. तर त्याच्यावर धुक्याची जाड दुलई. २०२३ साली एवढं कळलं, की दुलई आहे."

याउलट ट्रॅपिस्ट-१ हा तारा. चाळीस प्रकाशवर्षांवर, आकाराने आपल्या गुरूपेक्षा थोडाच मोठा, आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या बेताचे सात ग्रह. २०१७ साली सातांची मोजदाद पुरी झाली. हे एकत्र कुटुंबातल्या सात भावांसारखे एकमेकांना खेचतात. त्यामुळे कुणी ताऱ्यासमोर ठरल्या वेळेच्या आधी हजर होतो, कुणी काही मिनिटं उशिरा. एकच न्हाणीघर असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. त्या उशिरांच्या नोंदींवरून सातही भावांची वजनं काढली. २०२१ साली हिशेब लागला, तो असा की सगळ्यांची घनता जवळपास एकच, पृथ्वीच्या मानाने जराशी कमी.

"एकाच घाण्यातल्या करंज्या," हिने निकाल दिला आणि पुढचा घाणा सोडला.

"आपल्याकडे होतं का गं असलं काही?" मी विचारलं.

"होतं म्हणजे! माउंट अबूला, गुरुशिखरावर. २०१८ साली तिथल्या सव्वा मीटरच्या दुर्बिणीने सहाशे प्रकाशवर्षांवरच्या ग्रहाचं वजन केलं. तो लहान नाही, पृथ्वीच्या २७ पट आहे, पण काटा आपला. तुम्ही दोघं गेला होतात ना अबूला?"

गेलो होतो. लग्नानंतर. नक्की तलावात होडीत बसून फोटो काढला, गुरुशिखरावर दत्ताचं दर्शन घेतलं, घंटा वाजवली आणि 'इथे बघण्यासारखं आणखी काही नाही' असं म्हणून खाली उतरलो. जागेचं वजन करण्यातही मी असाच तरबेज.

शेवटची करंजी ताटात पडली तेव्हा अकरा वाजले होते. ही हात धुवायला गेली. धाकटी सारणाचं भांडं पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही कॉलनीत सगळ्यांना सांगता ना, मी कंप्युटरमध्ये आहे म्हणून?"

मी पंख्याकडे पाहिलं. पोत्याखाली सारलेला चिंचेचा गोळा निरीक्षकाला सापडला, की दुकानदाराचा चेहरा कसा होतो हे मी शेकडो वेळा समोरून पाहिलंय. आतून पहिल्यांदाच अनुभवत होतो.

"कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात. पण तसं काही चूक नाही त्यात. दिवसभर कंप्युटरच असतो समोर." आणि भांड्याच्या बुडाशी उरलेलं सारण तिने बोटाने माझ्यापुढे केलं. लहानपणी मी तिला द्यायचा, तसं.

आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासले, आणि घरात पंधरा वर्षं मीच काटा मारत होतो. पोरीला जोखलं ते मला दिसली तेवढ्यावरून, माझ्या खिडकीतून, तिरपं. आणि जो आकडा आला तो पक्का म्हणून वहीत लिहून टाकला. अधिक-उणे काही लिहिलं नाही. 'किमान' असा शब्दही नाही.

दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाकावर कुणीतरी विचारलं, "धाकटी आलीय म्हणे? कंप्युटरमध्ये आहे ना?" मी म्हटलं, "नाही. ती ग्रहांचं वजन करते." बाकावर शांतता पसरली. मग एकाने हळूच हात पुढे केला, "आमच्या नातवाचा शनी जरा बघायला सांगाल का?"

ती परत गेली त्या रात्री विमानतळावरून आलो. ही आडवी झाली. मला झोप येईना, म्हणून गॅलरीत आलो. वर तारे होते, म्हणजे आमच्या गल्लीतल्या दिव्यांच्या तडाख्यातून वाचलेले सातआठ. ते स्थिर दिसत होते. पण आता माझा त्या दिसण्यावर विश्वास राहिलेला नव्हता. बराच वेळ गेला असावा, कारण आतून आवाज आला, "अहो, किती येरझाऱ्या घालाल? इकडून तिकडे, तिकडून इकडे. पेन्शनरची चाल ती. या आता आत. कळलं मला, पोरीचं वजन केवढं आहे ते."

"किमान," मी म्हटलं.